काम काढू का?

चौकटी हौद्यात भरून झाल्या, दोऱ्या आवळून झाल्या आणि मी क्लचवर पाय ठेवला तर तो खाली गेला तो वर आलाच नाही. गाडी गिअर घेईना. बिल्डरचा माणूस फोनवर फोन करत होता. मी गाडीतून उतरून टायरला एक लाथ घातली. टायरला काही झालं नाही, माझाच अंगठा ठणकत राहिला.

गाडी म्हणजे आमची पिकअप. बाबांनी ती नवी घेतली तेव्हा मी शाळेत होते आणि दादा कॉलेजात. आमचा दारं-खिडक्या बनवायचा छोटा कारखाना आहे, वरती राहायचं घर. दादा शिकला, लांबच्या शहरात मोठ्या पगारावर गेला. मी हुशार नव्हते असं नाही, पण कारखान्यात कुणीतरी राहायला हवं होतं. रंधा, करवत, गिऱ्हाइकांची बोलणी आणि ही गाडी, सगळं माझ्या वाट्याला आलं. दादा रविवारी फोन करतो आणि कारखाना कसा चालवायचा ते मला समजावून सांगतो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका आले, गाडीखाली शिरले, बाहेर येऊन फडक्याला हात पुसत उभे राहिले.

"प्लेट पार संपलीय. काम काढू का?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. गेली काही वर्षं मी तो ऐकत होते आणि दर वेळी हो म्हणत होते. या वेळी तेच पुढे म्हणाले की, नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय, विचार करा. मी विचार केला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी नाही म्हणाले. आता एक दमडी या डब्यात घालायची नाही, आहे त्या स्थितीत विकायची.

बाबा पायरीवर बसून ऐकत होते. कारखान्याचं काम त्यांनी सोडलं होतं, पण गाडीचं मालकपण सोडलं नव्हतं. रोज सकाळी काच पुसायची, केबिनमध्ये थोडा वेळ बसायचं, उतरायचं.

"विकायची नाही," ते म्हणाले. "माझी गाडी आहे. तिला लागेल ते मी देईन."

मी म्हटलं, कुठून देणार? तुमच्या खिशात रुमाल आहे फक्त. हे मी चार माणसांसमोर बोलले. ते उठून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर बाबा केबिनमध्ये बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला पाहून म्हणाले, "चालव." क्लच लोण्यासारखा दबला आणि पायाबरोबर वर आला. गाडी नवी होती तेव्हाही इतका मऊ नसेल. माझा संताप झाला. या वयात हा माणूस गाडीखाली झोपला असणार! मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात बाबा उतरले आणि त्यांचा डावा पाय गुडघ्यात दुमडला. दाराला धरलं म्हणून पडले नाहीत.

गाडी मी तशीच काकांकडे नेली. बाबांनी काय करून ठेवलंय ते दाखवायचं होतं. काकांनी बॅटरी मारून खालून बराच वेळ पाहिलं. मग मलाही वाकून पाहायला लावलं. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुना काळा थर तसाच होता. एका बोल्टाला कोळ्याचं जाळं होतं, तेही शाबूत.

"हे उतरवल्याशिवाय प्लेटला हात लागत नाही," काका म्हणाले. "आणि उतरवायला दोन माणसं लागतात."

मी त्यांची थट्टा करतेय की काय, अशा नजरेनं ते माझ्याकडे पाहत होते.

डॉक्टरांनी बाबांच्या गुडघ्याचा फोटो काढला. एवढी झीज व्हायला वर्षं लागतात म्हणाले, कधीपासून दुखतंय? बाबा म्हणाले, कालपासून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याकडे लक्ष न देणाऱ्या मुलींकडे डॉक्टर जसं पाहतात तसं. मी दात-ओठ खात बाहेर आले.

मी लाकडात काम करणारी बाई. फटीत दोन सुताचा फरक असला तर मला हातानं कळतो. भुताखेतांचं मला काही सांगू नका. म्हातारा माणूस, एका रात्रीत गुडघा बसला, योगायोग. क्लचचं म्हणाल तर आधी कुठेतरी अडकला असेल, सुटला. असं मी स्वतःला सांगितलं आणि गाडीसाठी गिऱ्हाईक शोधायला लागले.

मग पंप गेला. चढावर गाडी धापा टाकायला लागली, काका म्हणाले, डिझेल वर चढत नाहीये, काम काढू का? मी पुन्हा नाही म्हणाले, मुद्दाम, बाबांना ऐकू जाईल असं. आणि त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून पंपाच्या प्रत्येक बोल्टावर माझ्या सुतारी पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली. बोल्ट जरा फिरला तर रेघ तुटणार.

सकाळी बाबा केबिनमध्ये होते. रेघा जुळलेल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. गाडी भरल्या हौद्यानं चढ चढून गेली. मी परत आले तेव्हा बाबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते, कठडा धरून. श्वास घेताना त्यांच्या गळ्यातून शिट्टी वाजत होती. मी पाणी दिलं. घोट घेऊन थांबायचे, पुन्हा घोट घ्यायचे.

"बाबा, तुम्ही काय करता गाडीला?"

"काही करत नाही." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "तू नाही म्हणालीस. मी हो म्हणालो. एवढंच."

मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी मात्र पेला घेऊन वर गेले आणि मोरीत उभं राहून तो घासत बसले, स्वच्छ होता तरी.

त्यानंतर मी नाही म्हणायचं सोडलं. काकांनी म्हणायची खोटी, मी हो म्हणायचे. रेडिएटर, बेअरिंग, मागचे पाटे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, पण जे काम मी काढलं त्यात बाबांचं काही गेलं नाही. गाडीचा मी जेवढा राग केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. हसत तिची बिलं भरली, आणि गॅरेजमधून निघून कोपरा वळले की केबिनमध्ये एकटीच तिला शिव्या द्यायचे. विकायचं म्हटलं तर बाबा मान हलवून नाही म्हणायचे. आणि भंगारात काढून कापली तर आणखी काय कापलं जाईल, याचा विचार करायची माझी छाती नव्हती.

हॉर्न माझ्याकडून राहून गेला. काका बोलले होते की घोगरा झालाय, वायर बघायला हवी. इतकीशी गोष्ट. मी नंतर बघू म्हणाले आणि विसरले.

सकाळी मी करवतीवर होते आणि अंगणातून हॉर्न वाजला. खणखणीत. शेजारच्या गॅलरीत माणसं आली. मी करवत बंद करून धावले. बाबा केबिनमध्ये होते. त्यांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं, ओठ हलले, मान ताणली गेली. आवाज आला नाही. तो पुढे कधीच आला नाही.

काकांना मी त्याच दिवशी विचारलं, आता काय राहिलं? ते म्हणाले, आता राहिलं इंजिन. काही महिने काढेल, मग उघडावं लागेल. मोठं काम आहे. त्या दिवसापासून मी त्या कामासाठी पैसे बाजूला ठेवायला लागले. मिळेल त्या ऑर्डरी घेतल्या, हाडांची काडं केली. बाबांसाठी. दुसऱ्या कुणासाठी नाही.

आवाज गेल्याचं वहिनीला कळवलं म्हणून दादा आला. येतानाच तोंड सुरू. वेळेवर मोठ्या डॉक्टरकडे का नेलं नाही, मला आधी का सांगितलं नाही, तुझं लक्ष कुठे असतं? मी ऐकून घेत होते. मग त्याला कुणीतरी सांगितलं की मी गाडीला गिऱ्हाईक शोधत होते. तो अंगणात गेला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. बाबा काठी टेकत मागोमाग गेले.

"विकायला तू कोण?" दादा म्हणाला. "बाबांनी घामाच्या पैशानं घेतलेली गाडी आहे. त्यांच्यानंतर माझीच ती."

हमालीला मी आणि वारशाला तो.

"नंतर कशाला?" मी म्हणाले. "आत्ताच घे."

"घेतो."

"बाबांसमोर सांग. तुझी गाडी म्हणून."

बाबांनी त्याची बाही धरली. ते मान हलवत होते, जोरजोरात, आणि ओठ हलत होते. दादाला वाटलं म्हाताऱ्याला भरून आलंय. त्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांनी बाही सोडली आणि माझ्याकडे हात पसरला. माझ्या कानावर पेन्सिल होती. ती मागत होते. समोरच पांढऱ्या लाकडाची फळी पडली होती.

मी पेन्सिल दिली नाही.

"बाबा, गाडी आजपासून माझी," दादा म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका."

बाबांचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

दादा दुसऱ्या दिवशी परत गेला. गाडीची किल्ली नेली नाही, दुरुस्तीचं कुणाला विचारायचं ते बोलला नाही. फक्त मला बजावून गेला, नीट ठेव.

त्याच आठवड्यात उजवा दिवा गेला. काकांनी विचारलं, काम काढू का? मी म्हणाले, राहू दे. मला नक्की काही माहीत होतं असं नाही. मला फक्त खूप राग आला होता, आणि तो अजून गेला नव्हता.

सकाळी दिवा लागत होता. कारखान्याच्या भिंतीवर असा उजेड की विटेवरचे ओरखडे मोजावेत. केबिन रिकामी होती. बाबा पायरीवर बसून त्या भिंतीकडे पाहत होते.

दुपारी वहिनीचा फोन आला. ती रडत होती. दादा झोपेतून उठला तर त्याला उजव्या डोळ्याने काही दिसेना. डॉक्टर म्हणतात डोळा नव्वदीच्या माणसाचा दिसतोय. मी तिला धीर दिला. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला बाबांना श्वास घेताना ऐकू येत होतं, खालच्या पायरीपासून वरपर्यंत, ती शिट्टी. मला वाईट वाटलं नाही.

त्यानंतर बाबांचं काहीच गेलं नाही. गेलेलं परतही आलं नाही. माझ्या टेबलावर एकदा फळीचा तुकडा ठेवलेला होता, त्यावर पेन्सिलीची वेडीवाकडी अक्षरं, गाडी नीट कर. मी फळी शिकंज्यात पकडून रंधा मारला. अक्षरं एका लांब सालीत निघून आली.

काल इंजिनात ठोके यायला लागले.

काकांनी बॉनेट उघडलं, कान लावला, मला गाडी बंद करायला सांगितली. हात पुसत म्हणाले, आता चालवू नका, इंजिन उघडायलाच हवं. तुम्ही तयारी केली होती ना? काम काढू का?

पैसे कपाटात होते. बाबा माझ्याजवळ उभे होते. त्यांनी माझा दंड धरला होता, आणि त्यांच्यात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"गाडी दादाची आहे, काका," मी म्हणाले. "मी कसं सांगू?"

काका गेले. मी वर जाऊन स्वयंपाक केला आणि दिवेलागणीला बाबांना जेवायला हाक मारली. ते आले नाहीत. मी खाली उतरले तर गाडीखालून त्यांचे पाय बाहेर दिसत होते, डावा गुडघा वाकडा पडलेला. आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. थोडा वेळ यायचा, मग शिट्टीचा, मग पुन्हा लोखंडाचा.

मी वाकले, त्यांना काखेत धरून हळूच बाहेर ओढलं. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. बोटांत घट्ट धरलेला पाना मी सोडवून घेतला, फडक्यानं पुसला आणि भिंतीवर त्याच्या खिळ्याला अडकवला.

"चला बाबा," मी म्हणाले. "जेवण निवतंय."