अलास म्हणायच्या आधी

कडी वाजली.

दुपारच्या शांततेत लोखंडावर लोखंड आपटल्याचा एवढासा आवाज. पण कामिनीच्या हातातली सुई साडीच्या फॉलऐवजी बोटात शिरली.

जरीपटक्याच्या त्या गल्लीत तिच्या दाराची कडी कोणी वाजवत नसे. दूधवाला रस्त्यावरूनच ओरडायचा, शेजारणी ‘कामिनी वं!’ करत यायच्या. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी कडी वाजली होती, आणि तिचा नवरा पंकज कळमन्याच्या बाजारातून येताना ट्रकखाली गेल्याचं दारातल्या माणसानं सांगितलं होतं. तेव्हापासून तिनं त्या आवाजाची धास्ती घेतली होती.

तिनं दार उघडलं. पडद्याचं कापड काखोटीला मारलेला एक उंच, गोंधळलेला माणूस उभा होता.

“इथे शिवून मिळते ना... अरे, तुमच्या बोटातून रक्त येऊन राहिलं जी!”

“कडी काहून वाजवली?”

“मंग काय वाजवू? बासरी?”

आतून सासूबाई, इंदूबाई, खुदकन हसल्या. कामिनी मात्र हसली नाही. निदान त्याच्यासमोर तरी नाही.

हा ऋषिकेश. समोरच्या घरात वरची खोली घेऊन राहायला आलेला. रामटेकच्या रस्त्यावर एका शाळेत इंग्रजी शिकवायचा, रोज मोटारसायकलनं जायचा-यायचा. कडीची गोष्ट त्याला पानठेल्यावर कळली असावी. कारण पडदे न्यायला आला, तेव्हा कोपऱ्यावरूनच हॉर्न वाजला, पीं-पीं... आणि मागोमाग हाक, “मी आहे जी, पडदेवाला!”

त्यानंतर तो रोज हॉर्न वाजवायला लागला. पडदे झाले, मग बटण तुटलं, मग शर्टाची कॉलर उसवली.

“ही उसवली नाही,” कामिनी कॉलर उजेडात धरून म्हणाली, “ही कोणी कात्रीनं उसवली.”

“हळू बोला जी. मास्तरची इज्जत आहे.”

एका संध्याकाळी कामिनीची तिसरीतली लेक गार्गी पायरीवर बसून धडा घोकत होती. “हुर्रे! वी हॅव वन द मॅच. अलास! ही इज डेड...” अगदी हसऱ्या, नाचऱ्या सुरात. आत शिलाई मशीन थांबली.

“सर, अलास म्हणजे काय?”

शर्ट न्यायला दारात आलेल्या ऋषिकेशनं कामिनीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. “म्हणजे... अरेरे. हाय रे देवा. दुःख झालं की म्हणतात.”

“एवढंसंच?” इंदूबाई म्हणाल्या. “आमच्यात तं बाया गल्ली गोळा करतात.”

“बोलताना कोणी म्हणत नाही, आजी. पुस्तकातच राहते तो शब्द. खरं रडणाऱ्याले शब्द कुठे सुचते?” मग तो गार्गीकडे वळला. “अन् ध्यानात ठेव, अलास हे होऊन गेल्यावर म्हणायचं असते. मॅच हरल्यावर. हरायच्या आधी नाही.”

कॉलर शिवलेला शर्ट त्याच्या हातात देताना बोटं बोटांना लागली. दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत.

“या रविवारी गावी जाऊन राहिलो, रामटेकले,” तो हळूच म्हणाला. “आईले... तुमचं नाव सांगू?”

कामिनीनं बोटं मागे घेतली. “तुमचा हॉर्न ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसते. रोज तोच रस्ता, तेच ट्रक... मले पुन्हा नाही सोसणार जी.”

“अजून काही झालंच नाही, कामिनी. अन् तुम्ही आतापासूनच अलास म्हणून राहिल्या.”

तिनं गार्गीचं पुस्तक उचलून मिटलं.

“शनिवारी संध्याकाळी सांगा. नाही म्हटलं तरी हॉर्न वाजवतच जाईन.”

त्या रात्री इंदूबाई अंथरुणावर पडल्या पडल्या, भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “पोरगा माझा गेला. तुह्यं आयुष्य नाही गेलं वं.” एवढंच.

शनिवारी कामिनीनं देवाजवळ दिवा लावला. उत्तर ओठांवर तयार होतं. एक गाडी गेली, दुसरी गेली. हॉर्न काही येईना. तिनं त्याचा मोबाईल लावला, तर बंद. फोडणीची मोहरी कढईत जळून काळी झाली, तिला वासही आला नाही.

“सर नाही आले?” गार्गीनं विचारलं.

आणि कडी वाजली.

कामिनीनं खाटेचा कठडा धरला. इंदूबाईंनी भिंतीचा आधार घेतला. “उघड वं... नाही तं मी उघडते.”

हाय रे, हाय रे... कामिनीच्या मनात एवढंच चाललं होतं. ती कशीबशी दारापर्यंत गेली. दार ओढलं.

ऋषिकेश! नखशिखान्त धुळीनं माखलेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“कबड्डी...” तो कुजबुजला. “पोरं जिंकली. ओरडून ओरडून गळा बसला. गाडी पंक्चर, ती सोडून ऑटोनं आलो. मोबाईलची बॅटरी संपली. हाक मारता येईना, मंग...”

“मंग कडी वाजवायची?” कामिनीनं दोन्ही मुठी त्याच्या छातीवर मारल्या. “बासरी वाजवायची होती!”

तिला हसू फुटलं आणि रडूही. तो तिथेच उभा राहिला, तिच्या मुठी आपल्या तळव्यांत धरून.

“माझं अलास म्हणून झालं,” ती हुंदका गिळत म्हणाली. “खाटेपासून दारापर्यंत येईतो पुरं झालं. आता... सांगा आईले माझं नाव.”

“काय म्हणता?”

“गळा बसला तुमचा, कान नाही!”

तो नि:शब्द हसला, खांदे हलवत.

“पण भीती जाणार नाही माझी,” ती म्हणाली.

“नको जाऊ दे,” तो कुजबुजला. “तिलेही घेऊ सोबत.”

इंदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि उगाचच जळक्या मोहरीला शिव्या घालत आत गेल्या. गार्गी पुढे आली. “आई, आता हुर्रे म्हणायचं का?”

“म्हण ना.”

पण गार्गी ते म्हणाली नाही. तिनं ऋषिकेशच्या धुळीच्या बुटांकडे पाहिलं, मग दारावरच्या कडीकडे. आईचा पदर मुठीत घट्ट धरून तिनं विचारलं,

“आई, सर बाबासारखे जाणार तं नाही ना?”