आगारीचा घास

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भिकनच्या घरी पुरणपोळ्या झाल्या, पण त्याच्या ताटात भाकर आणि दोडक्याची भाजी. किडनी बदलल्यापासून त्याला डायबेटीस जडला होता. नवी किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांनीच शुगर वाढते आणि वाढलेली शुगर तीच किडनी खाते, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता यावर माणसानं करावं तरी काय!

किडनी त्याच्या आईची, रुक्माबाईची. ती दिल्यावरही म्हातारी ठणठणीत होती. पुढं साप चावल्याचं निमित्त झालं आणि गेली. गोडाची भारी शौकीन. पहिल्याच आखाजीला तिचा घास कसा चुकवायचा? धुळ्यातल्या त्यांच्या घरात चूल नव्हती, म्हणून भिकनच्या बायकोनं, वृषालीनं अंगणात गोवरी पेटवली. सासूच्या नावाची घागर भरली. भिकननं पळीनं विस्तवावर पोळी, तूप, आमरस अशी आगारी टाकली, हात जोडले आणि धूर सोसेना म्हणून ओट्यावर जाऊन बसला.

"रस आंबट शे," तो तिथूनच म्हणाला.

वृषाली धावत आली. "चाखा का तुम्ही?"

"हात बी नही लाया व."

बोटं कोरडी होती. तिनं मशीनवर शुगर पाहिली, चारशेच्या वर. मग तिनं आत जाऊन रस चाखला. आंबटच होता.

इन्सुलिन वाढवलं. डॉक्टर रागावले, "चोरून खाताय तुम्ही." वृषालीनंही तेच धरून चालायचं ठरवलं.

पितरपाटात, पितृपक्षात, तिनं खीर केली. आगारी टाकून भिकन कामावर गेला. दुपारी त्याचा फोन आला.

"खीर तळले लागनी व."

लागली होती. पातेलं तिनं घासून पालथंही घातलं होतं. तो घरी आला तो चक्कर येऊनच; शुगर पुन्हा चढली होती.

तिनं कानाला खडा लावला. आगारी बंद.

दिवाळीत भिकन अंथरुणात घामानं निथळत पडला. शुगर पार उतरली होती. तिनं ग्लुकोज पाजलं, जिभेवर साखर ठेवली. आकडा हलेना. ती रडकुंडीला आली.

"भूक लागनी," तो पुटपुटला.

"आखो साखर देऊ?"

"भूक माले नही लागनी."

तिनं अंगणात गोवरी पेटवली. विस्तवावर चतकोर पोळी ठेवली.

आत येईतो त्याचे हात ऊबदार झाले होते.

आता ती रोज ठेवते. शुगर काबूत आहे; डॉक्टर म्हणतात, हेच पथ्य चालू द्या.

परवापासून चतकोर पुरत नाही.