काळा पडदा

दुपारचे चार वाजत आले होते. भाऊजी टेबलाखाली ओणवे होऊन जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीवरची धूळ फुंकत होते आणि बाई त्यांच्यासाठी बॅटरी धरून उभ्या होत्या.

"वहिनी, हा डबा म्हणजे पणजोबा," टेबलाखालून आवाज आला. "आणि लेकीने पाठवलेला पडदा कालचं पोर. एकाचं दुसऱ्याला कळत नाही."

"मग मधे दुभाष्या घाला."

"तोच तर आणलाय." त्यांनी खिशातून बोटाएवढा कन्व्हर्टर काढून वायरीला जोडला.

भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. त्यांचं सगळं आयुष्य टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलेलं. बाईंनी चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली होती, अजूनही घरी पाच-सहा मुलं येत. त्यांच्यासाठी गिरवायचे कागद बाईंचे यजमान याच कॉम्प्युटरवर करून देत. चार महिन्यांपूर्वी शेजारच्या खुर्चीत बसून कागद छापता छापताच ते गेले.

बाई तेव्हा रडल्या नाहीत. नंतरही नाही. "आई, एकदा मोकळी हो गं," असं लेक फोनवर म्हणायची, आणि बाई "हो" म्हणायच्या, औषध वेळेवर घे म्हटल्यावर म्हणावं तसं. चहा कडू झाला की गोड, हे त्यांना कळेनासं झालं होतं. आंघोळीचं पाणी पोळतंय हे कातडी लाल झाल्यावर समजायचं. कुठेतरी दुखावं, निदान एवढं तरी व्हावं, असं त्यांना वाटे.

पडदा उजळला. अक्षरं धूसर होती. चित्र किती स्पष्ट दिसावं ते ठरवणाऱ्या आकड्यांची यादी भाऊजींनी सेटिंगमध्ये उघडली.

"हा मधला आकडा ठेवू. तळाशी आहे तो सगळ्यात मोठा, पण तो पणजोबांना झेपायचा नाही. बघा हं, गंमत." त्यांनी तळाचा आकडा दाबला. पडदा काळा झाला. "आता तो विचारतोय, असंच ठेवू का? पंधरा सेकंद उत्तर दिलं नाही की आपोआप मागे येतो. अंधारात 'हो' म्हणायचं नाही, एवढं पथ्य पाळा."

"आणि 'हो' कसं म्हणतात?"

"डावा बाण, मग एंटर. पण म्हणायचं नाही म्हणतोय ना मी! तुम्ही पोरांच्या वरताण आहात."

बाई पडद्याकडे बघत होत्या. काच गुळगुळीत होती. तिच्यात पाठीमागची भिंत दिसत होती, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसत होता. सहज सवयीने त्यांनी पहिली ओळ वाचली.

मग चित्र परत आलं.

भाऊजी पाणी पिऊन गेले, तरी बाई तिथेच बसून होत्या. दरवर्षी एखादं मूल अक्षरं उलटी काढतं. बाई त्याला रागवत नसत. पाटीसकट आरशासमोर नेत आणि विचारत, "बघ, कोणाची पाटी बरोबर, तुझी की त्याची?" आरशात अक्षर फिरतं, हे त्यांनी शेकडो मुलांना दाखवलं होतं.

काचेतला तक्ता फिरलेला नव्हता. तो सरळ वाचता आला होता.

त्यांनी तळाचा आकडा पुन्हा दाबला. बोटांवर सेकंद मोजू लागल्या.

तक्ता सरळच होता. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर यजमानांचा करडा स्वेटर होता. तो स्वेटर त्यांनी स्वतःच्या हाताने घडी घालून देऊन टाकला होता. मागे वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती.

चौदा. पंधरा. चित्र परत आलं.

तिसऱ्या वेळी ते खुर्चीत बसलेले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, हात कीबोर्डवर. दाढी वाढलेली. इतकं स्पष्ट दिसत होतं की गालावरचा एकेक पांढरा केस मोजावा. बाईंची खुर्ची मात्र मोकळी होती.

बाईंना भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

चौथ्या वेळी बाईंनी यजमानांच्या मागची भिंत पाहिली. इथे तक्त्याशेजारी यजमानांचा फोटो होता. तिथेही त्याच खिळ्याला फोटो होता.

तो बाईंचा होता.

पंधरा.

पाचव्या वेळी ते मान वर करून समोर बघत होते. ओठ हलत होते. बाईंना ते ओठ वाचता आले. तेही मोजत होते.

दहा. अकरा.

त्यांनी एक बोट डाव्या बाणावर ठेवलं.

बाईंनीही ठेवलं.

तेरा.

एंटर.

पडदा काळाच राहिला. कळ बोटाला गार लागली. किती तरी दिवसांनी काहीतरी गार लागलं. मग गालाला ओलं लागलं आणि छातीत इतकं दुखलं की बाईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, तेव्हा बाईंचे डोळे सुजलेले होते आणि चहा त्या फुंकून फुंकून पीत होत्या.

"रडलात वाटतं," भाऊजी हळूच म्हणाले. "बरं झालं, वहिनी." मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. "हे काय! म्हणालात ना शेवटी 'हो'? अहो, मी काय सांगितलं होतं?"

"चुकलंच माझं."

"कुठल्या क्रमाने काय काय दाबलंत, ते लिहून द्या. उलट्या पावली मागे नेऊ त्याला."

बाईंनी कागद घेतला. चाळीस वर्षं फळ्यावर गिरवलेलं वळणदार अक्षर, तीन ओळी, प्रत्येक शब्दात नीट अंतर सोडून. त्यांनी एकदा वाचून पाहिलं आणि कागद पुढे केला.

भाऊजींनी तो हातात घेतला. चष्मा पुसला. बाईंकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं.

मग ते खिडकीपाशी गेले, कागद उलटा करून उजेडावर धरला आणि मागच्या बाजूने वाचू लागले.