चौतिसावं गोपद्म

त्या वर्षी शनिवार पेठेतल्या आमच्या घरी नुकताच कॉम्प्युटर आला होता. फोनची तार जोडली की तो बराच वेळ किरकिरायचा, आणि मग नीरजाची मेल दिसायची. नीरजा, आमची एकुलती लेक, शेफील्डला. जावई आठवडाभर लंडनच्या ऑफिसात, आणि ही पाचव्या महिन्यात एकटी, डोरीनबाई नावाच्या म्हाताऱ्या घरमालकिणीच्या वरच्या खोलीत. माझा व्हिसा दोनदा नाकारला होता.

ज्येष्ठात मी डोरीनबाईंना मेल लिहिली. मी मराठीत सांगितलं, ह्यांनी इंग्रजी केलं. मला येता येत नाही, म्हणून लेक तुमच्या ओटीत घालते आहे, एवढंच. ओटीला शब्द सापडेना. ह्यांनी मांडी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. निश्चिंत राहा, डोरीन. नावाखाली एक फुली.

"तुझ्या अर्जावर फुली मारलीय," हे म्हणाले.

नीरजा फोनवर खूप हसली. तो पापा असतो म्हणे. ओळखीच्यांना एक, जवळच्यांना दोन-तीन. "रागावल्या की मात्र लावत नाहीत, आई. त्यावरूनच ओळखायचं."

मला तसलं काही लिहिणं जमेना. पण कुणी मायेनं दिलेलं नुसतं ठेवून कसं घ्यायचं? आषाढी एकादशीला माझी गोपद्मं सुरू झाली. चार महिने रोज सकाळी देवापुढे रांगोळीनं गाईची तेहेतीस पावलं काढायची. मी डोरीनबाईंच्या नावानं एक जास्त काढू लागले. व्रतातला आकडा आपल्या मनानं वाढवू नये, हे मला ठाऊक होतं. म्हणून कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेल आली. पहाटे उशाशी पांढरं पाऊल दिसलं, फार सुंदर होतं. खाली दोन फुल्या.

"म्हातारपणी स्वप्नं पडतात," हे म्हणाले.

भाद्रपदात तीन झाल्या. नीरजा झोपली आहे, मी पायथ्याशी बसले आहे. बाळ आज डावीकडे वळलं. असं दोन-दोन ओळींत यायचं. वाचताना मला इतकं हलकं वाटे, जणू मीच तिथे बसले आहे. देवघरात उदबत्तीच्या वासात हल्ली आणखी एक वास मिसळे, ओल्या लोकरीचा. दुपारपर्यंत तेहेतीस पावलं तशीच असत. चौतिसाव्याच्या जागी फरशी स्वच्छ, पुसल्यासारखी नव्हे, उचलून नेल्यासारखी.

आश्विनातल्या नवमीला नीरजाला मुलगी झाली. ती घरी आली त्या दिवशी हे पेढे आणायला गेले, तेव्हा मी फोनवर म्हटलं, जरा डोरीनबाईंना दे.

ती म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं. त्या आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीच गेल्या. तुझं व्रत सुरू होणार होतं, तुझ्या मनाला लागलं असतं."

मग तुझ्यापाशी कोण बसतं, मी विचारलं.

"कुणी नाही. पण बाळ रडत नाही गं. वर बघतं आणि शांत होतं."

मी ह्यांना काही बोलले नाही. रोजचं चौतिसावं पाऊलही थांबवलं नाही. थांबवायचं भय वाटत होतं.

कार्तिकी द्वादशीला व्रत संपलं. दुपारी मी माझ्या मोडक्या इंग्रजीत एकटीनं लिहिलं. तुमचे फार उपकार झाले. उद्यापासून पावलं काढणार नाही. माझी लेक आता मला परत द्या.

संध्याकाळी ह्यांनी तार जोडली. उत्तर आलं होतं.

बाळ माझ्या मांडीवर आहे.

खाली नाव.

नावाखाली काही नाही.

हे चष्मा वर सारून जवळ वाकले. म्हणाले, "आज फुली विसरल्या वाटतं."