राखेचा ट्रॅक

इथे आधी तळं होतं. विद्यापीठाने ते मुरूम टाकून बुजवलं.

पहिला ट्रॅक बॉयलरच्या राखेचा. काळा, करकरणारा. पडलं की राख गुडघ्यात शिरायची. जखम भरली तरी काळा डाग राहायचा.

एका वर्षी भाला थेट पंचांच्या छत्रीत घुसला. छत्री न मिटताच पंच म्हणाले, "फाउल."

पुढे लाल रबर आलं. राख उपसली नाही, तिच्यावरच अंथरलं.

रिलेत पुढचीने मागे वळून बघायचं नसतं. हात मागे करायचा आणि सुटायचं. बॅटन हातात येतोच.

एवढं लिहून छोटी अडली. उद्यापासून स्टेडियम पाडणार, म्हणून निरोपाच्या कार्यक्रमासाठी त्याचा इतिहास लिहायचं काम ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या तिच्या गळ्यात पडलं होतं. पण ताईच्या शर्यतीचं वाक्य काही केल्या उतरेना. राखेच्या ट्रॅकवरची चार बाय शंभरची अंतिम फेरी. तिसऱ्या टप्प्यावर ताई, चौथ्यावर छोटी. ताई वळणावर कोसळली ती उठलीच नाही. हात मागे करून धावत सुटलेल्या छोटीला ते सगळ्यात शेवटी कळलं.

कार्यक्रमात जुन्या मैत्रिणी तीच शर्यत पुन्हा पळणार होत्या. तिसरा टप्पा ताईसाठी मोकळा. दुसरीने बॅटन घेऊन तिथेच थांबायचं, चौथीने आपल्या जागी नुसतं उभं राहायचं.

"माझे गुडघे बघता मलाही स्ट्रेचरच..." दुसरी म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"मी पळणार आहे," छोटी म्हणाली.

"रिकाम्या हाताने? वेडी आहेस का?"

"माझे शंभर मीटर राहिलेत गं. उद्या ट्रॅकच नसेल."

गॅलरीत आई बसली होती. ताई गेल्यापासून ती इथे फिरकली नव्हती.

भर दुपारचं ऊन. पहिली धापा टाकत पोहोचली. दुसरी लंगडत का होईना पोहोचली, आणि बॅटन छातीशी धरून थांबली. मैदान चिडीचूप झालं.

मग वळणावरून आवाज आला. करकर. करकर.

रबरावर असा आवाज होत नाही.

छोटीने वळून पाहिलं नाही. करकर जवळ आली, मागोमाग श्वास. ती सुटली. डावा हात मागे केला.

हातात काहीतरी आलं. गुळगुळीत, घामाने ओलं.

डावीकडे, मैदानापलीकडे, दुसरी अजून बॅटन छातीशी धरूनच उभी होती.

गॅलरीत आई उठली. तिने हाक मारली. ताईला.

छोटीने ओढून पाहिलं. दुसरं टोक सुटेना.

"सोड ना, ताई."

मागून रेटा आला.

शेवटची रेषा मागे पडली. पकड सुटली नाही. पावलं थांबेनात.

त्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी इस्पितळात ताईची मूठ कुणालाच उघडता आली नव्हती. बॅटन तिच्याबरोबरच जाळावा लागला होता.