रविवारी उदय स्टुडिओत नसतो

खंडेराव मार्केटजवळच्या दुकानात नयना सेव-उसळ खात होती. कोपऱ्यातला रेडिओ ओरडला, "केम छो बडोदा! मी तुमचा आरजे उदय, थेट स्टुडिओतून!" आणि नेमक्या त्याच आवाजात शेजारचा तरुण म्हणाला, "काका, तरी वाढा ना थोडी."

नयनाने रेडिओकडे पाहिलं... मग त्याच्याकडे.

"अहो, तुम्ही तर स्टुडिओत आहात!"

"शू..." त्याने लाच दिल्यासारखा एक पाव तिच्या ताटलीत सरकवला. "रविवारचा कार्यक्रम शनिवारीच रेकॉर्ड होतो. आरजेलाही भूक लागते हो."

"आणि हे काय?" त्याच्या टी-शर्टवर इंग्रजीत ‘आरजेज रॉक’ असं छापलं होतं, आणि जे नि एसच्या मध्ये एक अपॉस्ट्रॉफी लोंबत होती. "अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही."

"इंग्रजीच्या बाई दिसता."

"गोत्रीच्या शाळेत. आठवी ते दहावी."

"रेडिओवर अपॉस्ट्रॉफी ऐकू येत नाही, बाई. म्हणून तर ही नोकरी धरली!"

"छातीवर दिसते ना पण."

"मला वाटलं, उसळीचा शिंतोडा."

नयना हसली, ठसका लागला, पाणी त्यानेच दिलं. रेडिओवरचा उदय तेव्हा प्रेमभंगावर मोलाचा सल्ला देत होता. दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पुढचे नऊ रविवार असेच गेले. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. घरी तो उदयसिंहराव होता. पणजोबा गायकवाडी फौजेत. तलवार गेली, माईक आला. नयना वाटेतल्या पाट्यांवरच्या चुकीच्या अपॉस्ट्रॉफ्यांचे फोटो काढून आणायची, आणि उदय त्यांना एकेक गाणं अर्पण करायचा. सगळ्यावर बोलायचा... फक्त एका गोष्टीवर नाही.

दहाव्या रविवारी नयना ताटलीत नुसताच चमचा फिरवत राहिली.

"पुढच्या रविवारी दहा वाजता पुण्याची मंडळी पाहायला येतायत. मला."

उदयचा घास तसाच राहिला. "मग... मी रेडिओवरून सांगतो! अख्ख्या बडोद्यासमोर!"

"शनिवारी रेकॉर्ड करून?" ती उठलीच. "उदय, आदल्या दिवशीचं शिळं मला चालणार नाही. तुझं खरं कुठलं आणि भरून ठेवलेलं कुठलं, हेच मला कळत नाही."

तो रविवार उजाडला. दांडिया बाजारातल्या घरात भास्करराव, म्हणजे नयनाचे बाबा, पोह्यांना फोडणी देत होते. शेजारी रेडिओ चालू होता. नयना साडीच्या निऱ्या तिसऱ्यांदा मोडत होती.

"केम छो बडोदा! मी उदय... थेट स्टुडिओतून."

"थापाड्या," नयना पुटपुटली.

"आत्ता... नऊ वाजून सतरा मिनिटं झालीत."

नयनाचा हात थांबला. रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमात कुणी वेळ सांगत नाही. चुकली तर बिंग फुटतं. तिने भिंतीकडे पाहिलं. नऊ सतरा!

"मला एका मुलीला... म्हणजे ती इंग्रजी... नाही, मराठीच आहे... शिकवते इंग्रजी..." दिवसाला दहा हजार शब्द बोलणारा माणूस पार अडखळला होता. "नयना, मी खरंच इथे आहे. कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. माझ्याशी... लग्न करशील?"

आणि घाबरून त्याने साबणाची जाहिरात लावली.

भास्कररावांनी गॅस बंद केला. "हा कोण?"

"बाबा... मी सांगणारच होते."

"आवडतो?"

नयनाने मान हलवली. होकाराची होती, पण फार जोरात हलली.

"मग पुण्याला फोन मी करतो, गाडी अजून वाटेतच असेल. तू त्याला कर. बिचारा जाहिरातीमागे लपून बसलाय."

जाहिरात संपली, आणि स्टुडिओचा फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"हॅलो, कोण बोलतंय?" हा प्रश्न फोनमधून आला आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओतूनही.

"मी."

अख्ख्या बडोद्याचा रेडिओ चार सेकंद गप्प झाला. आरजेची नोकरी जायला तेवढी शांतता पुरते.

"नयना... बोल ना काहीतरी. लाइव्ह आहे हे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "हो म्हणतेय. आता गाणं लाव... बाबा ऐकतायत."