तांबड्या थराखालचं पाणी

तळ्यातली काठी पुन्हा वीतभर उघडी पडली होती.

मेहरीनने बांधावर पालथं पडून खात्री केली. काल संध्याकाळी काठीवर खिळ्याने ओढलेली रेघ आता पाण्याच्या चांगली वर दिसत होती. तिने वहीत आकडा लिहिला आणि पेन्सिल इतकी जोरात दाबली की टोकच मोडलं.

"आजपण?" मागून तुषारने विचारलं.

"आजपण. डीपी जळून दोन दिवस झाले. गावात एकसुद्धा मोटर चालू नाही. मग पाणी कोण चोरतंय?"

"कुणाचं तरी डिझेल इंजिन असेल."

"इंजिन असतं तर आवाज आला असता," जयमाला म्हणाली. "आमच्या आजीला ढोल ऐकू येत नाही, पण इंजिन ऐकू येतं."

तिघंही सातवी संपवून आठवीत जाणारी. मिरजगावच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर त्यांची खैरवाडी. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी सरली होती आणि मेहरीनला ती कधी एकदा संपते असं झालं होतं.

एप्रिलमध्ये गावतळ्यातला गाळ काढला, तेव्हा सगळे खुशीत होते. पोकलेन आठवडाभर चाललं. काळाभोर गाळ ज्याने त्याने ट्रॉलीने आपापल्या वावरात नेऊन टाकला. मग कालव्याचं पाणी सोडून तळं काठोकाठ भरलं. माणसांना आणि जनावरांना पाऊस पडेपर्यंत हेच पाणी पुरवायचं होतं. पण नऊ दिवसांत तळं निम्म्यावर आलं, आणि त्याच नऊ दिवसांत बांधाखालच्या एका विहिरीचं पाणी चार हात वर चढलं.

ती विहीर मेहरीनच्या आजोबांची होती.

अल्लाबक्ष पठाणांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या आणि म्हातारपणी स्वतःची लिंबाची बाग लावली. त्यांनी तळ्यातून चोरून पाइप टाकलाय, अशी कुजबुज आधी दुकानाच्या पायरीवर सुरू झाली. मग सरपंच कारभारीतात्या चार माणसं आणि पहारी घेऊन बागेत आले. त्यांनी सकाळभर खणलं. लिंबाच्या दोन झाडांची मुळं तुटली, पाइप काही मिळाला नाही. "खोल पुरला असंल," असं म्हणून तात्या निघून गेले. तेव्हापासून आजोबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. जेवायला हाक मारली तरी एकदोन घास खाऊन उठत.

मेहरीन वही घेऊन तडक ग्रामपंचायतीत गेली. तात्या मोबाईलवर बोलत होते. तिने बराच वेळ वाट पाहिली.

"तात्या, लाईट नसतानाही पाणी रोज वीतभर उतरतंय. म्हणजे मोटरने कुणी ओढत नाही."

"ऊन किती पडलंय बघतीस ना? वाफ होती पाण्याची."

"वाफ होत असेल तर मग चोरी कशी?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. "लई शहाणी झालीस. सुट्टीचा अभ्यास घरी बसून करायचा. जा."

सुट्टीचा अभ्यास हे तिचं आणखी एक दुखणं होतं. विज्ञानाच्या ज्ञानेश्वरी मॅडमनी सांगितलं होतं, 'आपल्या गावाखाली काय आहे, त्याचं चित्र काढा.' मेहरीनने पुस्तकातून भूकवच, प्रावरण आणि गाभा काढून त्यात लाल-पिवळे रंग भरले होते. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे सहा हजार चारशे किलोमीटर तिला तोंडपाठ होते. पण घरापासून दोनशे पावलांवरच्या तळ्याखाली काय आहे, हे पुस्तक सांगत नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते आजोबा बोलत नव्हते. तिला ते चित्र फाडून टाकावंसं वाटलं.

"गाळाखाली काय निघालं ते पोकलेनवाल्याला विचारू," तुषारने सुचवलं.

"तो गेला सोनईला दुसऱ्या कामावर."

"पण त्याने काढलेला माल तर इथेच आहे," जयमाला म्हणाली. "नव्या रस्त्याच्या कडेला एवढा मोठा ढीग पडलाय की."

ढीग मुरमाचा होता. गाळ संपल्यावर मुकादम श्रीमंतने रस्त्याच्या भरावासाठी तळ्यातूनच मुरूम उचलला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिघं भर उन्हात ढिगावर चढली. तळाला नेहमीचा पिवळट, भुसभुशीत मुरूम होता. वर मात्र तांबड्या मातीची ढेकळं पडली होती, कौलासारख्या रंगाची. आणि सगळ्यात वर वेगळाच दगड होता. त्याला अनारशासारखी बारीक भोकं होती आणि काही भोकांत पांढरे, चमकणारे खडे बसले होते.

"जे सगळ्यात वर पडलंय, ते सगळ्यात शेवटी काढलेलं," मेहरीन सावकाश म्हणाली. "म्हणजे तळ्यात ते सगळ्यात खाली असणार."

"मग काय झालं?"

"माहीत नाही ना." तिने चिडून एक दगड लाथाडला आणि अंगठा धरून खाली बसली.

तो भोकाभोकांचा दगड आणि एक तांबडं ढेकूळ घेऊन ती घरी आली आणि आजोबांच्या उशाशी दोन्ही ठेवून दिली. बऱ्याच वेळाने बाज करकरली. आजोबा उठून बसले होते आणि दगडावरून अंगठा फिरवत होते.

"कुठं गावला?"

"तळ्यातला आहे, दादाजी. पोकलेनने काढलेला."

आजोबांनी मान हलवली. "याला आमी मांजऱ्या म्हणतो. हा लागला की विहिरीला पाणी लागलंच समज. आन ही तांबडी माती हाय ना, ती कायम याच्या डोक्यावर असती. तिच्यातनं पाणी पाझरत न्हाई. वीट भाजल्यावर कशी हुती, तशी ती भाजलेली हाय. कुणी भाजली ते काय मला ठावं न्हाई."

ते मेहरीनला ठाऊक होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि खालून वितळलेला खडक उतू गेल्यासारखा पसरला. तो निवला, त्याच्यावर माती धरली. मग पुन्हा नवा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. निवताना लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांनी वर आले, म्हणून प्रत्येक थराच्या माथ्याला ही भोकं. हा सगळा धडा तिने परीक्षेत लिहिला होता. पण तो आपल्या पायाखाली आहे, हे तिला आत्ता पहिल्यांदाच कळत होतं.

"दादाजी, आपल्या विहिरीत तांबडा थर कुठे आहे?"

आजोबा पुन्हा भिंतीकडे वळले. "तूच बघ जाऊन."

विहिरीला पायऱ्या होत्या. तिघं धरून धरून उतरली. अर्ध्यावर विहिरीच्या भिंतीला बांगडीसारखा तांबडा पट्टा गोल फिरला होता. त्याच्या वरचा काळा पाषाण ठणठणीत कोरडा होता. पट्ट्याखाली मात्र तसाच भोकाभोकांचा खडक होता, आणि तळ्याच्या बाजूने त्यातून पाणी टपटपत होतं. काही ठिकाणी तर बारीक धार लागली होती.

"हाच थर तळ्यापर्यंत गेला असेल आणि पोकलेनने वरची तांबडी माती फोडली असेल," तुषार म्हणाला, "तर सगळं जुळतं. पण हे सिद्ध कसं करायचं?"

मेहरीनचे अब्बा गवंडी होते. भिंतीची पातळी बघायची पारदर्शक नळी त्यांच्याकडे होती. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर राहतं. नळी तीस फूट होती आणि तळं दोनशे पावलांवर. एका टोकाला खुंटी ठोकायची, दुसऱ्या टोकाला खुंटी ठोकायची, मग पहिलं टोक उचलून पुढे न्यायचं.

पहिल्या दिवशी बकऱ्यांनी खुंट्या पाडल्या. दुसऱ्या दिवशी नळीत बुडबुडा अडकला आणि शेवटी हिशेब असा आला की तळं विहिरीच्याही खाली आहे. जयमाला पोट धरून हसली. मेहरीनला रडू फुटलं. उन्हाने तिचं डोकं ठणकत होतं, हात सोलले होते आणि बांधावरून जाणारा येणारा विचारत होता, "काय गं, पाइप टाकताय का आणखी?"

"सोडून देऊ या," ती म्हणाली. "नाहीतरी कोण ऐकणार आहे?"

"मी दोन दिवस नळी धरलीय," तुषार म्हणाला. "आता मला कळल्याशिवाय झोप लागणार नाही. उद्या पहाटे, ऊन चढायच्या आत."

तिसऱ्या दिवशी विहिरीतल्या तांबड्या पट्ट्यापासून तळ्याच्या पाण्यापर्यंतचं माप नीट आलं. मग त्यांनी बांधावरून दगड बांधलेली दोरी तळ्यात सोडून जागोजागी खोली मोजली. सगळीकडे तळ तांबड्या पट्ट्याच्या पातळीच्या वर होता. फक्त दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथे पोकलेन शेवटी उभं होतं तिथे, तो पट्ट्याच्याही दोन हात खाली गेला होता.

मेहरीनने आकडे पुन्हा एकदा तपासले. मग जयमाला हळूच म्हणाली, "म्हणजे पाणी खरंच तुमच्याच विहिरीत जातंय."

मेहरीनने वही मिटली. इतके दिवस राबून तिने गावाचंच म्हणणं खरं करून दाखवलं होतं. वही फेकून दिली तर कुणाला कळणार नव्हतं. पण ती वही तशीच छातीशी धरून घरी आली आणि तिने आजोबांना सगळं सांगितलं.

"मला ठावं हुतं," आजोबा म्हणाले. "पहिल्याच दिशी धारंचा आवाज ऐकला मी. म्हणून तर स्टार्टरचे फ्यूज काढून ठिवलेत. डीपी जळायच्या आधीपासनं या विहिरीचं थेंबभर पाणी मी उचललं न्हाई. गावाचं हाय ते."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, बागेतली पानं का पिवळी पडली होती.

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगायला जावं तवर दुकानाच्या पायरीवर कुजबुज सुरू झाली हुती. एकदा चोर म्हणल्यावर माणूस खरं बोलला तरी ते चोराचंच बोलणं असतंय, बेटा."

मेहरीनला इतका राग आला की तिचे कान गरम झाले. ती तशीच पंचायतीत गेली. तुषार आणि जयमाला मागे पळत होती. या वेळी ती वाट बघत थांबली नाही.

"तात्या, पाणी आमच्या विहिरीत येतंय," ती मोठ्याने म्हणाली. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "कसं येतंय ते बघायला चला. नसेल यायचं तर पुन्हा कुणाला चोर म्हणू नका."

इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं तात्यांना जमलं नाही. ते विहिरीत उतरले. मुलीने दाखवलेला तांबडा पट्टा त्यांनी बोटाने खरवडला, खालच्या धारेखाली ओंजळ धरली. वर आल्यावर त्यांनी स्टार्टरची रिकामी पेटी पाहिली, मग सुकलेली लिंबं, मग वहीतली मापं. तेवढ्यात तुषारने ढिगावरचे दगड आणून समोर मांडले.

"श्रीमंत," तात्यांनी मुकादमाला हाक मारली, "मुरूम संपल्यावरबी खणत बसला हुतास का?"

"भराव कमी पडत हुता," श्रीमंत खाली बघत म्हणाला. "तुमीच म्हणला, घ्या आणखी हातभर."

तात्या बराच वेळ टोपी काढून डोकं पुसत राहिले. "म्हणलो हुतो," शेवटी ते म्हणाले. "चूक माझी हाय. अल्लाबक्षभाई, माफ करा. शाब्बास रे तुषार, मोठं काम केलंस."

मेहरीनने ओठ घट्ट मिटले.

"मी फक्त नळी धरली," तुषार म्हणाला. "काम हिचं आहे."

आजोबा काठी टेकत पुढे आले. "माफीचं ऱ्हाऊ द्या. तो कोपरा बुजवायचा तर गाळच पायजे. पोत्यात भरून सोडा, वर सुटा गाळ टाका, पाणी आपोआप दाबून बसवील. आता सांगा, वावरातला गाळ परत कोण आणतंय?"

कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांची वावरं त्या गाळाने काळी झाली होती.

"पहिला टेम्पो माझ्या वावरातनं," कारभारीतात्या म्हणाले.

दुपारपर्यंत बांधावर चार टेम्पो आणि साठ-सत्तर पोती गोळा झाली. ज्ञानेश्वरी मॅडमही मिरजगावहून स्कूटीवर आल्या. त्यांनी वही पानापानाने वाचली आणि म्हणाल्या, "वर्गात मी शिकवते त्यापेक्षा हे चांगलं आहे."

"भाई, पोती नेमकी कुठं टाकायची?" तात्यांनी आजोबांना विचारलं.

"मला काय इचारता? माप तिनं घेतलंय."

बांधावरची सगळी माणसं मेहरीनकडे बघू लागली. तिने वही उघडली.

"त्या दगडापासून डावीकडे सात पावलं," ती म्हणाली. सरपंचांनी पहिलं पोतं खांद्यावर घेतलं आणि मोठ्याने मोजत सात पावलं टाकली.